एगमबेर्दीचा गुरुवार

तुम्हीच सांगा पोरांनो, भरवसा कोणावर ठेवावा? जो आपल्याला सारखा घरी बोलावतो त्याच्यावर, की ज्याच्या घराची पायरी आपण कधी चढलो नाही आणि तरी जो आपल्याकडे येत राहतो त्याच्यावर?

पुलावाला दम बसायला अजून अर्धा तास आहे. आज तुमच्या मंडळाचा पहिला गुरुवार, तर तेवढ्यात सोलीजानचं सांगून टाकतो.

"अका, भूत आहे का त्यात?"

आधी ऐक बोतिर, मग तूच ठरव. आणि चहा ओत, पण अर्धाच पियाला. भरून दिलास तर मला वाटेल, म्हाताऱ्याला हाकलतोयस.

सोलीजानचं मार्गिलानच्या बाजारात पाण्याच्या पंपांचं दुकान. व्यवहाराला चोख, जिभेवर साखर. बायको ओयदिन वारली, दोन्ही मुलं रशियात कामाला. घरात आवाज करणारा एक फ्रीज तेवढा. आठवड्यात त्याचा म्हणावा असा एक गुरुवारच उरला होता. शाळेपासूनचे सात जण, दर गुरुवारी एकाच्या घरी जमायचे. पुलाव खायचा, मध्यरात्रीपर्यंत बसायचं. कोणाचा गुरुवार कधी, ती वही म्होरक्या म्हणून सोलीजानकडे.

सातवा एगमबेर्दी. त्याचं गाव टेकड्यांखाली, शेवटचे सात किलोमीटर नुसते दगडगोटे. त्याचा गुरुवार आला की सोलीजान म्हणायचा, "राहू दे रे, तुझा रस्ता वाईट. हिवाळा सरला की येऊ." हिवाळा सरला की म्हणायचा, "आता चिखल आहे." हेतू वाईट नव्हता हो. हातावर पोट असलेला माणूस, सात जणांचं मटण-तांदूळ कुठून आणणार? म्हणून वहीतलं त्याचं नाव खोडून पुढच्याचं लिहायचा. एगमबेर्दी हसायचा. "बरं, रस्ता सुधारला की या." आणि पुढच्या गुरुवारी दोन बस बदलून सगळ्यांच्या आधी हजर. गाजरं चिरायला बसायचा. उठायचा सगळ्यांच्या शेवटी.

मग तो यायचा थांबला. एक गुरुवार गेला, दोन गेले, सहा गेले. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने फोन केला असेल.

दोन वर्षांमागची तेवीस नोव्हेंबर. गुरुवारच होता. ज्याच्याकडे जमायचं त्याने दुपारी कळवलं, "कंबर धरलीय, आज नको." रिकाम्या घरी जाऊन करायचं काय? सोलीजान टेकड्यांकडच्या एका गिऱ्हाइकाचा पंप स्वतःच पोचवायला निघाला. काम झालं, गाडी परत वळवली. नऊ चाळीसला फाट्यावर गाडीच्या उजेडात एक माणूस दिसला. उजवा हात छातीवर ठेवून उभा. एगमबेर्दी!

"मेलास की काय म्हटलं लेका!" सोलीजानने काच खाली केली. "दीड महिना पत्ता नाही!"

"आज गुरुवार माझा," एगमबेर्दी म्हणाला. "भाताला दम दिलाय. चल."

"आणि बाकीचे?"

"निरोप दिलेत. तू म्होरक्या, तू आधी."

तो गाडीत बसला नाही. पुढे चालत राहिला. सोलीजानने गाडी जरा दामटली, तरी दोघांतलं अंतर तेवढंच.

त्याच्या घरी खोलीत सात गाद्या, सात पियाले. मधे कंदील. बायको कुठे विचारलं, तर म्हणाला, लेकीकडे गेली. पुलाव असा की दाणा न् दाणा सुटा. एगमबेर्दीने मात्र घास घेतला नाही. "यजमान शेवटी," म्हणाला. मग जरा वेळाने त्याने विचारलं,

"ओयदिन गेल्यापासून रात्री, दिवा मालवू का, असं कोणाला विचारतोस?"

सोलीजानचा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांच्या गुरुवारांत थट्टा झाली, बाजारभाव झाले, सरकारला शिव्या घालून झाल्या. हे कोणी विचारलं नव्हतं. तो बोलायला लागला. थांबेचना. रडलासुद्धा. एगमबेर्दी नुसता ऐकत होता.

मग तो शेजारच्या रिकाम्या गादीकडे वळला.

"घे ना. लाजतोस काय?"

चहा ओतला. पुढच्या गादीकडे सरकला. कोणी विनोद केल्यासारखा हसला. तिथेही ओतला.

सोलीजानने किटलीला हात लावला. गार. दगडासारखी. पियाल्यांतून मात्र वाफ येत होती...

"एगमबेर्दी... निरोप कोणाकडे दिलास?"

एगमबेर्दीने पुढचा पियाला भरला.

"एगमबेर्दी?"

"प्रत्येकाच्या दारात उभा राहिलो. कोणी उघडलं नाही."

बाहेर कुत्रं नाही. वारा नाही. सोलीजान उठला. किल्ली मुठीत. दाराशी पोचला.

"जा," मागून आवाज आला. "रस्ता वाईट आहे..."

त्यात टोमणा नव्हता. राग नव्हता. त्यानेच सोलीजानच्या अंगावर काटा आला.

एक पाय उंबऱ्याबाहेर... एक आत...

तो वळला. परत येऊन बसला.

"उजाडेपर्यंत आहे मी," म्हणाला. "पुढचा गुरुवार माझ्याकडे. यायचंस."

कंदील बारीक होत गेला...

सकाळी पाहतो तर खोलीभर धूळ. गाद्या भिंतीशी रचलेल्या. कुंपणापलीकडून एक म्हातारी ओरडली, "कोण रे तू? तिथे कोणी राहत नाही. एगमबेर्दी गेला, ऑक्टोबरच्या नऊ तारखेला. त्याच्या बायकोला लेक घेऊन गेली. शेवटपर्यंत म्हणत होता, मार्गिलानला माझे सहा मित्र आहेत. पण इकडे कधी कोणी आलंच नाही, मग कळवायचं कोणाला?"

तीस तारखेच्या गुरुवारी सोलीजानने दारोदार जाऊन पाचही जणांना घरी आणलं. काही लपवलं नाही, सगळं सांगितलं. एगमबेर्दीच्या नावाने दुवा मागितली. त्या रात्री पहिल्यांदाच आम्ही एकमेकांना विचारलं, बाबा, तुझं खरं कसं चाललंय? हो, आम्ही. त्या पाचांत मी होतो.

मध्यरात्र उलटल्यावर निघालो. येताना बूट जसे निघाले तसे टाकलेले, एकावर एक. आता पाचही जोड एका ओळीत होते. टाचा खोलीकडे, टोकं अंगणाकडे. पाहुण्याने नुसता पाय सरकवायचा. हे काम घरातल्या धाकट्याचं असतं. सोलीजानच्या घरी धाकटं कोणी नाही. आणि खोलीतून कोणी उठलं नव्हतं.

आम्ही बूट घातले.

तर बोतिर, तुमच्या मंडळाची वही आता तुझ्या हातात आहे. हिशेब खरा ठेव, बाळा. ज्याचा गुरुवार, त्याच्याच नावावर लिही.