गुणामावशीची मिरची फिकी?

“एका मिरचीवर लगेच दुसरी चाखू नको गो! मधी भाकरीचा घास खा, मंग सांग कंची तिखट!”

रोपं देताना गुणामावशीने बजावलेलं निशाला आठवलं. म्हणून तर गच्चीत तीन बश्यांशेजारी तिने भाकरी ठेवली होती. बश्यांत ज्वाला, लवंगी आणि मावशीची लांबडी गावठी. पुढच्या वर्षी कुंड्यांत कुठली लावायची, ते आज ठरणार होतं.

“स्स्स! पाणी!” लवंगी चावताच आर्यन नाचायला लागला.

“पाणी नाही, भाकरी! आणि गावठी तर अजून बाकी आहे, शूरवीर!” मोनाली म्हणाली.

तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. तिघं धावत गेटपाशी पोचली. सोसायटीचे सेक्रेटरी विनायककाका गुणामावशीवर बरसत होते.

“तिखट म्हणून रोप दिलंस आणि मिरची काकडीसारखी! फसवी कुठली! उद्यापासून इथे दिसलीस तर टोपलीच फेकून देईन!”

“मी नाय फसवत, सायेब. माज्या आयेपासूनचं बी हाय.”

“तोंड वर करून बोलू नकोस. नीघ!”

कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतून दोन सिक्स सीटर रिक्षा बदलून मावशी खांदा कॉलनीत यायची. हे गेट बंद झालं, की रोपं विकायची कुठे? तिने टोपली डोक्यावर घेतली आणि मागे न बघता गेली.

“काका, पण तिची मिरची...” निशाने तोंड उघडलं.

“तू गप्प! सुट्टी लागली की नुसत्या डोक्यावर बसतात कार्टी!”

गच्चीत परतल्यावर निशाने गावठी चावली. डोळ्यांतून धाराच! मग काकांना फिकी कशी?

“इकडे या!” आर्यन गच्चीतल्याच काकांच्या कुंडीजवळून ओरडला. मातीत चार उष्ट्या मिरच्या पडल्या होत्या. “चारींचा नुसता शेंडा कुरतडलाय!”

निशाने काकांच्याच झाडाची मिरची तोडून तिचे तीन तुकडे केले. शेंडा मोनालीला गवतासारखा लागला. मधला चुरचुरला. देठाकडचा मात्र... “आई गं! कान पेटले!”

“बिया धरणारा पांढरा गाभा देठाकडेच जाड आहे,” निशा म्हणाली. “सगळा जाळ तिथे!”

संध्याकाळी बाकांवर मंडळी जमली. आर्यनने बशी पुढे केली. “काका, तुमच्याच कुंडीतली. फिकीच आहे ना? मग देठाकडून खाऊन दाखवा!”

“मला आव्हान देतोस?” काकांनी देठाकडचा भाग कचकन चावला. एक क्षण गेला, दुसरा गेला... आणि काकांचे कान लालबुंद! “हाऽऽ! पाणी!”

“शेंडा कुरतडून निकाल देतात, आणि तोही गेटवर उभं राहून!” माधुरीकाकू कडाडल्या. सगळे हसले.

निशा हसली नाही. “काका, तुम्ही तिला चारचौघांत फसवी म्हणालात.”

काकांनी डोळे पुसले. “उद्या वाडीवर जाऊन माफी मागतो. तिथेही चारचौघांतच.”

“नक्की?”

“शब्द दिला.”

“जे आम्हा मोठ्यांना सुचलं नाही, ते पोरांनी केलं गं बाई!” काकूंनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अजून दूधवालाही आला नव्हता. निशा बाल्कनीत आली, तर विनायककाका स्कूटर ढकलत गेटबाहेर नेत होते. वॉचमनवर ओरडणं नाही, हॉर्न नाही. वळणापलीकडे गेल्यावर त्यांनी किक मारली आणि स्कूटर कर्नाळ्याच्या रस्त्याला लागली.