न पोचलेल्या एकोणीस तक्रारी

टाकीचं झाकण उघडलं तेव्हा आधी वास आला. मग कबुतरं दिसली. दोन पूर्ण, एक अर्धं. खालच्या वसतिगृहातल्या साठ मुली याच टाकीचं पाणी चार महिने पीत होत्या.

चंचल उइके शिडी उतरली आणि भिंतीला धरून ओकली.

वर्ध्यातल्या लहानसहान संस्थांचे सर्व्हर सांभाळणं हे तिचं काम. सकाळी आंजीच्या रस्त्यावरच्या नर्सिंग विद्यालयातून प्राचार्य मधुकररावांचा फोन आला होता. अकरा मुली काविळीनं दवाखान्यात, त्यातली स्वीटी आयसीयूत. "पोरी म्हणतात, टाकीच्या पाण्याच्या ऑनलाइन तक्रारी केल्या होत्या. आमच्याकडे एकही आली नाई. दुपारी चौकशी समिती येऊन राहिली. मेल सुरू करून द्या, आन् दोष क्लाउड कंपनीचा आहे असं लिहून द्या."

सर्व्हरवरच्या नोंदी तिनं उघडल्या. एकोणीस तक्रारी पाठवल्या गेल्या होत्या, एकही बाहेर पडली नव्हती. कारण एका नजरेत कळलं. फालतू मेलचा सुळसुळाट नको म्हणून बहुतेक क्लाउड कंपन्या भाड्याच्या सर्व्हरवरून थेट मेल जाऊ देत नाहीत. पंचवीस नंबरचं दार, म्हणजे पोर्ट, बंदच असतं. त्यावर उपायही साधा. मेल पाठवणाऱ्या एखाद्या सेवेत खातं काढायचं, पासवर्ड द्यायचा आणि दुसऱ्या दारानं पाठवायचं.

पण परीक्षेच्या सूचना तर त्या दुसऱ्या दारानं रोज जात होत्या.

तिनं विद्यालयात संगणक शिकवणाऱ्या आणि मेलची जोडणी करणाऱ्या रजतला गाठलं.

"सूचना जातात, मग तक्रारी काऊन नाई?"

"जुलैत सगळंच दुसऱ्या दारावर नेणार होतो. वरून सांगितलं, तक्रारींचं राहू द्या."

"कोणी?"

रजतनं नजर वळवली. "मले नोकरी टिकवाची आहे, मॅडम."

कार्यालय अधीक्षक अण्णाजींनी टाकी सफाईचं रजिस्टर पुढं सरकवलं. चार महिन्यांच्या चार सह्या, एकाच पेनाच्या.

"दर महिन्याले साफ होते," ते म्हणाले आणि स्टीलच्या बाटलीतून पाणी प्यायले.

"इथलं नाई पीत तुमी?"

"पोटाचं पथ्य आहे. घरचंच आणतो."

"कधीपासून?"

"झाले चार महिने."

वऱ्हांड्यात आकांक्षा भेटली, स्वीटीची खोलीतली जोडीदारीण. तिचे डोळे रडून सुजले होते.

"नळातून पिसं येते असं मी लिहिलं होतं. पडद्यावर 'पाठवली' असं आलं. कोणाजवळ बोलली नवती मी. पण सहाव्या दिवशी वहीत टाइप केलेली चिठ्ठी भेटली. ज्याले पिसं दिसते त्यानं घरी जावं."

न पोचलेली तक्रार कोणीतरी वाचली होती.

चंचल परत सर्व्हरपाशी बसली. अर्ध्या तासानं तिनं मधुकरराव आणि अण्णाजींना प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं.

"मेल अडकला की सर्व्हर पाच दिवस पुन्हा पुन्हा पाठवून पाहतो," ती म्हणाली. "मग 'पोचला नाई' असा निरोप परत करतो, मूळ पत्र जोडून. हा निरोप सर्व्हरच्या आतच फिरतो, त्याले बाहेरचं दार लागत नाई. म्हणून चिठ्ठी सहाव्या दिवशी. आन् तक्रारी कार्यालयाच्या पत्त्यावरून जातात, म्हणून निरोप पडत होते अण्णाजींच्या मेलपेटीत."

"मले ते इंग्रजी निरोप समजत नाई," अण्णाजी म्हणाले.

"एकोणीसही उघडलेले आहेत. समजत नाई, तर त्यांच्यासाठी 'पाणी' नावाचं फोल्डर काऊन केलं? पहिला उघडला तेरा जुलैले. तवापासून तुमची बाटली घरून येते. रजतले 'राहू द्या' तुमीच म्हणाले. मी आत्ता नाव घेऊन विचारलं, तो हो म्हणाला."



"माझे गुडघे दुखते," अण्णाजी म्हणाले. "वर चढणं होत नाई."

"माणूस लावता आला असता."

"मग आधीच्या सह्या खोट्या निघाल्या असत्या."

चंचलला ती स्टीलची बाटली आठवली. हा माणूस रोज त्या पोरींच्या समोर घरचं पाणी पीत बसला होता.

मधुकररावांनी दार लावून घेतलं. "मॅडम, त्यांची निवृत्ती जवळ आहे. समितीपुरतं कंपनीचंच लिहा. आपण आतल्या आत पाहून घेऊ."

चंचलनं त्यांच्याकडेही तसंच पाहिलं, जसं टाकीत पाहिलं होतं.

"तुमी मेल सुरू कराले सांगितलं होतं," ती म्हणाली. "तक्रारी दुसऱ्या दाराले जोडल्या. एकोणीसही जिथं जायच्या होत्या तिथं पाठवल्या. विद्यालयाच्या तक्रार समितीवर जे बाहेरचे सदस्य आहेत, त्यांनाही."

टेबलावरचा मधुकररावांचा फोन थरथरला. मग परत. मग थांबेचना.

पहिली तक्रार स्वीटीची होती. मधुकररावांचा हात पुढं होईना. चंचलनं फोन उचलला, त्यांच्यापुढं धरून उघडायला लावला आणि ती तक्रार दोघांना मोठ्यानं वाचून दाखवली. नंतर दुसरी.