ओला चुना

बत्ती बारीक करा, पोरांनो. वर्धा स्टेशनातल्या तानबा हमालाने ही हकिकत स्वतःच्या तोंडाने सांगितली होती. सांगताना तो दाराकडे पाठ करून बसत नसे.

१६ एप्रिल १९५४, शुक्रवार. मालबाबू पेणकरांनी तानबाला जवळच्या सिंदी मेघे गावाला धाडलं. त्यांच्या सहा महिन्यांच्या मुलासाठी, एलियासाठी, अंगावर पाजणारी दाई हवी होती. पेणकर बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. सण तोंडावर आला, म्हणून घराला चुना लावत होते. त्यासाठी दाराच्या कडेची मेझुझा, म्हणजे घर राखणारी धर्मवचनाची छोटी नळी, काढून ठेवली होती. चुना लावणारा रेंगाळला, दिवस बुडाला, शब्बाथ, म्हणजे त्यांचा काम न करण्याचा वार, लागला. आता उद्या चांदण्या दिसेपर्यंत खिळा ठोकता येणार नव्हता.

पहिली दाई धुरपताही तानबानेच आणली होती. बाबूंच्या बायकोची, रिबेकाबाईंची, अट तिला त्यानेच सांगितली: "तुही पोरगी या घरात नाई यायची. दूध वाटल्या जाते." बाबूंना ते पटलं नव्हतं, पण बाईंपुढे त्यांचं चालेना. पोरगी घरी पेजेवर सुकून मेली. आठवड्याने धुरपता विहिरीत सापडली. तरी तानबा पुन्हा तीच अट घेऊन निघाला, निर्लज्ज!

नवी दाई सुलोचना म्हणाली, "पोरीले सासूपाशी देऊन येतो. तुमी नाल्यापाशी थांबजा."

आठ वाजता ती नाल्याशी आली. तोंडावर पदर, कडेवर गाठोडं. तानबा पुढे, ती मागे. वाटभर एक शब्द नाही. घरातले लोक नळीला हात लावून आत जात. ती त्याच मोकळ्या जागेपाशी क्षणभर थांबली, मग आत गेली. रडणारा एलिया एकदम गप्प झाला.

"चला, हात चांगला आहे हिचा," रिबेकाबाई ओट्यावर येऊन म्हणाल्या.

तेवढ्यात फाटकातून हाक आली. "काऊन जी, थांबले नाई माह्यासाठी?"

सुलोचना. धापा टाकत.

बाई आत धावल्या, मागोमाग तानबा.

आत पाळणा हलत होता. खोलीत कुणी नाही. एलियाच्या ओठांवर दूध. कोमट...

त्यानंतर त्याने कुणाचंच दूध घेतलं नाही. सुलोचनाचं नाही, बकरीचं नाही. आठवा दिवस लेकराने पाहिला नाही.

आणि दाराच्या कडेला, नळीच्या जागी, ओल्या चुन्यात एक पंजा उमटला होता. तान्ह्या मुलाचा. खाली मनगट्यांच्या मण्यांची ओळ. एलियाला मनगट्या कधी बांधल्याच नव्हत्या. तशा मनगट्या तानबानेच बाजारातून आणून धुरपताच्या पोरीला दिल्या होत्या, धुरपताने तिला घरी ठेवावं म्हणून.