मिठाच्या गोदामातलं नाटकघर

रंगमंचावर राजकन्या विष पिऊन सावकाश मरत होती, आणि तेवढ्यात बाकांमधून कुणीतरी जोरात ओरडलं, "आई गं!"

सगळं गोदाम हसलं. मरणाऱ्या राजकन्येनंही एक डोळा उघडून पाहिलं.

ओरडली होती ओडील तेसिए, धक्क्याजवळच्या पाववाल्या मावशीची भाची. झुंबरातल्या मेणबत्त्या चरबीच्या होत्या, आणि एकीची तापलेली चरबी थेट तिच्या शालीवर ठिबकली होती. सेंट लुईसला त्या काळी नाटकघर असं नव्हतंच. शरदात आगबोटीनं नाटकमंडळी यायची, मिठाच्या जुन्या गोदामात बाकं मांडायची आणि नदी गोठायच्या आत निघून जायची. पावसाळी हवेत भिंती पाझरायच्या, प्रेक्षकांच्या ओठांवर खारट चव यायची.

खेळ संपला तसा एक उंच, किडकिडीत माणूस तिच्यासमोर येऊन उभा राहिला. नखांत निळा रंग.

"मी एसा कोल्बी. पडदे रंगवतो, आणि... मेणबत्त्याही मीच लावतो."

"पडदे तरी बरे रंगवता का?"

"शाल द्या. कागद ठेवून वरून इस्त्री फिरवली की चरबी निघते."

"इस्त्री आमच्याकडे आहे. सवड असेल तर या."

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. भट्टीजवळ उभा राहून त्यानं शाल इस्त्री केली, आणि फेलिसिते मावशी पीठ मळता मळता त्याच्याकडे बघत राहिली.

"हात बरा चालतो याचा," ती भाचीला म्हणाली. "पण नाटकवाला आहे. पाण्यासारखा जाईल वाहून."

"मला काय त्याचं?" ओडील म्हणाली. मग आरशासमोर तिनं ती शाल दोनदा पांघरून पाहिली.

त्यानं नवा पडदा बघायला बोलावलं, म्हणून ती गेली. कापडभर निळीशार नदी पसरली होती.

"ही कुठली?"

"तुमचीच की."

"आमची? आमची नदी कधी डोळे उघडून पाहिलीत?"

तिनं त्याला गावाच्या वरच्या अंगाला, काठावर नेलं. मिसुरी नदी येऊन मिळते त्याच्या खाली दोन पाणी शेजारी शेजारी वाहत होती, एक मातकट, एक हिरवट. झिमझिम पाऊस होता. तो बराच वेळ बघत राहिला... नदीकडे, आणि मग नदीकडे नाही.

"मिसळतात कधी?" त्यानं विचारलं.

"घाई नसते त्यांना."

त्यानं निळ्यावर मातकट रंग चढवला. मंडळीचा मालक हॅडली चिडला. लोक चिखल बघायला येतात का, म्हणाला. पण पडदा उलगडला तेव्हा मागून एक खलाशी ओरडला, "अरे, ही तर आपली म्हातारी!" मग टाळ्या थांबेनात. ओडीलही टाळ्या वाजवत होती. हात दुखले तेव्हा तिच्या लक्षात आलं.

थंडी त्या वर्षी लवकर आली. पडदे गुंडाळले गेले. धक्क्यावर मालक सामान चढवत होता, आणि एसा तिच्यासमोर टोपी हातात घेऊन उभा.

"चला ना माझ्याबरोबर. न्यू ऑर्लिन्सला खरं नाटकघर आहे."

"मावशीला माझ्याशिवाय कुणी नाही."

"म्हणजे नाही?"

तिला बोलायचं होतं ते वेगळंच होतं. तोंडातून आलं, "गळ्याभोवती काही गुंडाळा. गार आहे."

बोटीची घंटा वाजली. बोट गेली. ओडील दुकानात परतली आणि आल्या आल्या पावाची एक अख्खी खेप करपवली. करपलेले पाव मावशीनं शेजारच्या डुकरांना घातले.

असेच काही दिवस गेले. मग एका सकाळी दार ढकलून एसा आत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, एका बुटाचा तळ सुटलेला.

"बोट... बुडाली?" ओडीलला दुसरं काही सुचलं नाही.

"नाही. जळणाची लाकडं भरायला खालच्या सेंट जेनेव्हीव्ह गावाला लागली, तिथं उतरलो. काठाकाठानं चालत आलो."

"आणि मालक?"

"शिव्या देत होता. लांबून छोटा दिसत होता."

मावशी खोकली.

"इथं करणार काय तुम्ही?" ओडीलनं विचारलं. आवाज कोरडा ठेवायचा तिचा बेत होता, तो काही जमला नाही.

"गाव वाढतंय. रोज कुठलं तरी दुकान उघडतं, पाट्या लागतील. कधीतरी विटांचं नाटकघरही उठेलच."

"आणि नाही उठलं तर?"

"तर तुमच्या दुकानाची पाटी रंगवत राहीन. वाईट रंगवीन, म्हणजे पुन्हा पुन्हा रंगवावी लागेल." तो थांबला. "ओडील, मी नाटकघरासाठी आलेलो नाही."

भट्टीत एक लाकूड कडकडलं. मावशीला अचानक मागच्या अंगणातलं काहीतरी आठवलं आणि ती निघून गेली.

ओडीलनं स्टूल भट्टीजवळ ओढलं.

"बस," ती म्हणाली. "तू आधी बस. बूट काढ."

तो बसला. इतक्या दिवसांत ती त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हणाली होती, आणि ते दोघांनाही ऐकू आलं होतं.