गव्हर्नरची पिसं

आमच्या बिग होल नदीच्या खोऱ्यात तेव्हा धड रस्ता एकच होता, आणि मार्चमधल्या एका सकाळी तो ओपलच्या कोंबड्यानं अडवून धरला होता. ओपल बर्फातून धावत आली, तर रस्त्याच्या मधोमध कोंबडा, त्याच्यापुढे थांबलेला ट्रक, आणि ट्रकमधून उतरलेला एक उंच तरुण. उकिडवा बसून तो कोंबड्याकडे असा काही बघत होता की… आपल्याकडे असं कुणी कधी बघितलं नाही, हे तिच्या मनात येऊनच गेलं.

“काय सुंदर मान आहे हो!” तो म्हणाला.

ओपलचा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला.

“कोंबड्याची,” तो म्हणाला, आणि कानांपर्यंत लाल झाला.

त्याचं नाव एमेट टीग. उन्हाळ्यात तो गवताच्या कापणीला जायचा आणि हिवाळ्यात गळाच्या आकड्यावर पिसं गुंडाळून खोट्या माश्या बांधायचा. अशी माशी नदीवर अलगद टाकली की ट्राउट मासा ती खरी समजून झेपावतो. त्यासाठी ताठ, करड्या-पांढऱ्या पट्ट्यांचं पीस लागतं, आणि तसली पिसं या कोंबड्याच्या मानेभर होती.

“मान विकता का?”

“मग खालचा कोंबडा कुठं ठेवू?” ओपल म्हणाली. “चार पिसं न्या हवी तर. मी धरते. त्याला मारायचं नाही.”

“नाव काय याचं?”

“गव्हर्नर. दिवसभर ओरडतो, काम काडीचं करत नाही.”

मग तो येतच राहिला. पिसांच्या बदल्यात मासे आणायचा, ओल्या गवतात गुंडाळलेले. ओपल गव्हर्नरला उराशी धरून पायरीवर बसायची आणि एमेट समोर गुडघे टेकून एकेक पीस निवडायचा. त्याच्या बोटांना मेणाचा वास असायचा. तिच्याशी थेट बोलायचं म्हटलं की मात्र त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. म्हणून तो कोंबड्याशी बोलायचा.

“गव्हर्नरसाहेब, मालकीणबाईंनी आज केस वेगळे बांधलेत वाटतं.”

“साहेब, यांना सांगा, केस वाऱ्यानं विस्कटलेत.”

“मग वाऱ्याला चांगली जाण आहे म्हणावं…”

जूनमध्ये नदीकाठच्या झुडपांवर केशरी पोटाच्या मोठ्या माश्या लगडल्या. त्या खायला मासे वर येतात, म्हणून सगळं गाव गळ घेऊन पाण्यात उतरलं होतं, अन् एमेट मात्र ओपलच्या दारात! त्याच्या कॉलरवर एक माशी चढत होती. ओपलनं ती अलगद उचलली. तिची बोटं त्याच्या मानेला लागली… आणि तो पीस उपटायचं विसरूनच गेला.

“अरे, उपटतोयस की जपमाळ ओढतोयस?” खिडकीतून ओपलची हल्डाआत्या ओरडली.

जुलैत तो केसांत गवताच्या काड्या घेऊन यायचा. त्याच महिन्यात सिअॅटलच्या बहिणीनं ओपलसाठी टेलिफोन कचेरीत नोकरी बघितली. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी बस होती. खोऱ्यातल्या मुली अशाच एकेक करून गेल्या होत्या. ओपलला जायचं नव्हतं. पण ‘थांब’ म्हणणारं कुणी तरी हवं ना!

“जो माणूस कोंबड्याशीच बोलतो,” आत्या म्हणाली, “त्याच्या भरवशावर बस चुकवू नकोस, पोरी.”

ऑगस्ट सरत आला तेव्हा एमेट आला. हातात टोपी, पाय जड.

“पिसं हवी होती…”

“आत्ता?” ओपल कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “हा पिसं झडायचा महिना. आत्ताच्या पिसाची माशी दगडासारखी बुडेल. मला कळतं ते तुम्हाला कळत नाही?”

“कळतं.”

“मग?”

एमेटनं सवयीनं कोंबड्याला शोधलं. अर्धा बोडका झालेला गव्हर्नर खुराड्याखाली पाठ फिरवून बसला होता. मध्ये कुणीच नव्हतं. नुसता नदीचा आवाज…

“घरी पिसं आहेत,” एमेट म्हणाला. “चिक्कार. तू जाणार म्हणे शनिवारी.”

“तिकडे पगार चांगला आहे.”

“हो.”

“समुद्र आहे.”

“हो… असेल.”

“नुसतं हो-हो म्हणायला आलात का?”

“नाही.” त्यानं टोपीची कड पार चुरगळली. “जाऊ नकोस, ओपल. माझ्याकडे एक ट्रक आहे, तोही रडतखडत चालतो. इथला हिवाळा काही मला कमी करता येत नाही. पण… जाऊ नकोस.”

तिला हसू फुटलं आणि डोळेही भरले.

“मग हे इतके दिवस का नाही सांगितलं?”

“कोंबडा ऐकत होता ना!”

बस ज्यावरून नदी ओलांडायची तो लाकडी पूल आता राहिला नाही, बसही कधीच बंद झाली. त्या शनिवारी मात्र बस अगदी वेळेवर आली. काठची झाडं नुकती पिवळी पडू लागली होती. पुलाखाली, गुडघाभर थंडगार पाण्यात, एमेटचे भलेमोठे बूट घालून ओपल उभी होती. ओळखीच्या ड्रायव्हरनं वरून हात केला. तिला काही उलटा हात करता आला नाही. एका हातात गळाची काठी होती, आणि दुसरा एमेट सोडत नव्हता.