गच्चीवरचं मिठागर

"काढून टाका ती डबडी. रविवारच्या मीटिंगआधी गच्ची मोकळी दिसली पाहिजे," सोसायटीचे सेक्रेटरी हरिश्चंद्रकाका म्हणाले आणि चपलेच्या टोकाने त्यांनी एक डबा सरकवला. "सांभाळता येत नाही, तर लावता कशाला?"

रसिकाची कानशिलं तापली. ती डबडी म्हणजे तिची टोमॅटोची बाग. तिने आणि तिच्या मैत्रिणीने, नीलमने, एका पिकल्या टोमॅटोच्या बिया राखेत घोळून वाळवल्या होत्या. रोपं वीतभर झाल्यावर निम्मं खोड मातीत जाईल इतकी खोल लावली होती, कारण टोमॅटोच्या खोडालाही मुळं फुटतात. काठ्यांचा आधार दिला होता, फळ धरावं म्हणून रोज सकाळी फुलांना हलक्या टिचक्या मारल्या होत्या. आणि आता, सुट्टी लागल्यावर, पानांच्या कडा करपत होत्या, हिरव्या फळांची बुडं काळी पडत होती.

काका खाली गेले तसा शेजारच्या गोडदेव गावातला यतीन वर आला. "तू दिलेलं रोप आमच्या अंगणात लाललाल झालंय. आजी म्हणते, बिल्डिंगवाल्यांना झाड जमत न्हाय."

"रोप माझं, माती माझी, आणि अक्कल तुझ्या आजीची?" रसिका फणकारली, आणि मध्येच थांबली. "तू पाणी कुठलं घालतोस?"

"नळाचं. महापालिकेचं."

नीलम डब्याच्या काठावरचा पांढरा थर नखाने खरवडत होती. "मग हे काय आहे?"

रसिकाने स्टीलच्या दोन थाळ्या आणल्या. एकीत गच्चीच्या नळाचं पाणी ओतलं, दुसरीत यतीनच्या बाटलीतलं, त्याच्या घरचं.

"उन्हात ठेव," यतीन म्हणाला. "मिठागरात असंच करतात."

संध्याकाळी यतीनची थाळी जवळजवळ स्वच्छ होती. दुसरीच्या तळाशी मिठाची साय धरली होती.

मग त्यांनी नळापासून पाइप धरून माग काढला. पिण्याच्या पाण्याच्या पांढऱ्या टाकीला बोअरिंगच्या खाऱ्या पाण्याचा पाइप जोडलेला होता आणि मधला व्हॉल्व्ह उघडा होता.

"म्हणून डाळ शिजत नाही," नीलम म्हणाली. "आई वाण्याशी भांडून आली."

"फेस येत नाही म्हणून माझी आई साबण बदलतेय. प्यायला सगळ्यांकडे फिल्टर, मग जिभेला कळणार कसं?" बोलता बोलता रसिकाची नजर खाली गेटकडे गेली. वॉचमन खंडूकाकांकडे फिल्टर नव्हता. त्यांची चिमुरडी रश्मी हेच पाणी पीत होती. टोमॅटोचा राग होताच. आता तो आणखी भडकला.

यतीनने व्हॉल्व्हला हात घातला.

"नको," रसिका म्हणाली. "आपण बंद केला, तर म्हणतील उघडा नव्हताच."

रविवारी मीटिंग गच्चीवरच होती. "डबडी अजून इथेच?" काकांनी विचारलं.

रसिकाने थाळी पुढे धरली. "काका, चाखून बघा."

लोक हसले. काकांनी बोट लावलं, जिभेला टेकवलं आणि तोंड वाकडं केलं. "मीठ टाकून आणलंस?"

"तुमच्या नळाचं पाणी आहे. खोटं वाटत असेल तर तुमच्या हाताने दुसरी थाळी भरा. ऊन आहे, आम्ही थांबतो. आणि तो व्हॉल्व्ह कोणी उघडला, तेही सांगा."

काकांनी टाकीकडे पाहिलं. "पाणीकपातीत... थोड्या दिवसांपुरता उघडला होता. राहूनच गेलं."

"अहो, मी त्या वाण्याला काय काय बोलले," नीलमची आई पुटपुटली.

मागून कोणीतरी म्हणालं, "पोरं हुशार निघाली. जे आपल्याला कळलं नाही, ते यांनी शोधलं." टाळ्या पडल्या.

रसिका हसली नाही. "टाळ्या नंतर. आधी व्हॉल्व्ह बंद करा. आणि टाकी धुऊन होईपर्यंत खंडूकाकांकडे प्यायचं पाणी कोण पोचवणार?"

काका उठले. गंजलेला व्हॉल्व्ह हलेना, तेव्हा यतीनने हात लावला आणि दोघांनी मिळून तो बंद केला. त्या संध्याकाळी पाण्याचा जार काका स्वतः खाली घेऊन गेले.

टाकी धुतली गेली. मुलांनी गोड्या पाण्याने डब्यांतली माती पुन्हा पुन्हा भिजवली आणि खारं पाणी बुडातल्या भोकांतून निथळून जाऊ दिलं. नव्या फळांची बुडं हिरवीगार राहिली. पहिला लाल टोमॅटो रसिकाने रश्मीच्या हातात ठेवला.

"काकांना नाही द्यायचा?" नीलमने विचारलं.

"पुढच्या हंगामात बघू," रसिका म्हणाली आणि झारी भरायला वळली.