वियोगमापक

चांद्रवसाहत क्रमांक सहाच्या आगमन कार्यालयात मृण्मयीने एकशे अठराव्यांदा काचपट्टीवर हात ठेवला. पडद्यावर आईचं नाव उमटलं: वसुधा राजगुरव. मृण्मयीने चार मोजत श्वास आत घेतला, सहा मोजत सोडला. हात जराही थरथरला नाही. एकदम झकास.

आई पृथ्वीवर, कराडला. मृण्मयीच्या जन्माच्या वेळी ती चंद्रावर परवान्यापेक्षा पाच महिने जास्त राहिली होती. सहा वर्षांपूर्वी ते उघडकीला आलं आणि तिला वीस वर्षांची प्रवेशबंदी झाली. मृण्मयीने तिकडे जावं, तर चंद्रावर वाढलेल्या हाडांना पृथ्वीवरचं वजन पेलणार नाही. बाबा नाहीत. ती राहते बाबांच्या बहिणीकडे, शालनआत्याकडे. उरला होता तो फक्त बंदीमाफीचा अर्ज.

आज पडद्यावर ‘प्रलंबित’ नव्हतं.

‘वियोगक्लेश नगण्य. माफी नामंजूर.’

“काका, हे काय?” तिने खिडकीपलीकडच्या मुजावरकाकांना विचारलं. ते तिथले तंत्रज्ञ.

“अगं, ही पट्टी नुसती अर्जाची स्थिती सांगत नाही. वियोगमापक आहे हा. नाव दाखवतो आणि नाडी, घाम, कंप टिपतो. आईवाचून पोरीचे हाल होतायत असं दिसलं तरच माफी. आणि तू दर वेळी देवळात बसल्यासारखी शांत.”

“मला कुणी सांगितलंच नाही.”

“सांगितलं तर लोक नाटकं करतील ना. पण तुझ्या आत्याने तरी...” काका अडखळले. “यंत्र त्यांनीच बनवलंय.”

श्वास मोजायला आत्यानेच शिकवलं होतं. “रडूबाईंचे अर्ज तळाला जातात, सोनू. खंबीर दिसायचं.” आणि मृण्मयी कसली खूश होती स्वतःवर. वर्गात तोंड न उघडणारी ती, त्याच श्वासावर वादविवादात पहिली आली होती.

आत्या प्रयोगशाळेत सापडली.

“तुला माहीत होतं.”

आत्याने चष्मा काढला. “वसुधा आली असती तर तू तिच्याकडे गेली असतीस. सहा वर्षं तुझ्या वेण्या मी घातल्या गं.”

“मग तसं सांगायचंस. मला कशाला वापरलंस, माझ्याच आईविरुद्ध?”

आत्या चष्म्याची काच पुसत राहिली.

फेरतपासणी एकदाच मिळत असे, तीही पालकासमोर. दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. आईचं नाव आलं. या वेळी मृण्मयीने श्वास मोजला नाही. रडायचंच, असं ठरवून आली होती. पण एकशे अठरा वेळा शिकलेलं अंग ऐकेना. नाव दिसताच नाडी आपोआप संथ झाली.

मग तुलनेसाठी दुसरं नाव आलं: शालन राजगुरव.

तळवा घामाने भिजला. बोटं थरथरली. आलेखाची रेषा पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन आदळली. यंत्राला फक्त धक्का मोजता येत होता. तो मायेचा की संतापाचा, हे त्याला कधी शिकवलंच नव्हतं.

‘सर्वाधिक जिव्हाळा: शालन राजगुरव. ताबा कायम. प्रकरण बंद.’

आत्याने ते दोनदा वाचलं. स्वतःच्या यंत्रावर तिचा पूर्ण विश्वास होता. डोळे पुसत तिने मृण्मयीला जवळ ओढलं.

“बघ,” ती म्हणाली, “आणि मला वाटत होतं, तुला माझा राग आलाय.”